लियॉनच्या यादीआधीची दारूबंदी

फेब्रुवारी २००७मध्ये फ्रान्समधल्या लियॉन शहरात १५ देशांतले २६ शास्त्रज्ञ जमले होते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था या शहरात आहे, आणि कोणत्या पदार्थाने कोणता कर्करोग होतो याची अधिकृत यादी ही संस्था ठेवते. दारूने तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि यकृत यांचा कर्करोग होतो, हे तिने १९८८मध्येच नोंदवले होते. या बैठकीत त्या यादीत दोन नावांची भर पडली: स्त्रियांचे स्तन आणि मोठे आतडे. रोज सुमारे ५० ग्रॅम अल्कोहोल पोटात जात असेल, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका न पिणाऱ्याच्या साधारण १.४ पट होतो, असे त्यांनी मांडले.

त्या दिवसापर्यंत गडचिरोली जिल्ह्यातली परवान्याची दारू दुकाने बंद होऊन जवळजवळ १४ वर्षे झाली होती.

गडचिरोलीच्या बायका आतड्यासाठी भांडल्या नव्हत्या. त्यांचे भांडण रात्रीच्या मारहाणीचे होते, घरातून परस्पर विकल्या गेलेल्या धानाचे होते, मजुरीचे पैसे घरी येण्याआधी गुत्त्यावर संपण्याचे होते. तरीही मोठ्या आतड्यातली साधी गाठ कर्करोगाकडे कशाने वळते, या प्रश्नाचा इतिहास लिहायचा तर लंडन आणि न्यूयॉर्कच्या इस्पितळांसोबत वैनगंगेच्या पलीकडच्या या गावांनाही त्यात जागा द्यावी लागते. एका ठिकाणी धोका ओळखला जात होता, दुसऱ्या ठिकाणी तो वेगळ्याच कारणाने हटवला जात होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

चंद्रपूर (जुन्या चांदा) जिल्ह्याचे दोन भाग करून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला. तेव्हा तिथे पक्के रस्ते थोडे होते आणि जंगल अफाट. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो, तेव्हाची तर गोष्टच सोडा. या मुलखात दारू म्हणजे मुख्यतः मोहाची. मार्चअखेर फुले गळू लागली की बायापोरे पहाटेच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुले वाळवायची, लागतील तशी भिजत घालून सडवा करायचा, मग मडक्यावर मडके ठेवून दारू उतरवायची. गोंड-माडियांच्या घरात जन्म, लग्न, मरण आणि देवपूजा यांतले काहीच मोहाशिवाय होत नसे. त्या दारूला प्रसंग होता आणि तिची सीमाही त्या प्रसंगानेच ठरत असे. १८५४मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, पुढे मध्य प्रांताचा अबकारी कारभार आला आणि सरकारने दारूतून महसूल काढायला सुरुवात केली. ठेकेदार आला, परवाना आला, गुत्ता आला. प्रसंगाची दारू रोजची झाली. स्वातंत्र्यानंतर ठेकेदारांची नावे बदलली, पण महसुलाची भूक तीच राहिली.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६मध्ये गडचिरोलीत आले. त्यांची ‘सर्च’ ही संस्था त्याच्या आदल्याच वर्षी उभी राहिली होती. त्यांची पद्धत दवाखान्यात रोग्याची वाट पाहत बसण्याची नव्हती. गावात जाऊन दारोदार मोजणी करण्याची होती. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोग आहेत, हे त्यांनी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्या रोगांचे नावही घरात कुणी काढत नव्हते. हीच मोजणीची सवय दारूच्या प्रश्नालाही लावली गेली. गावात कोण पितो, किती पितो, त्याला किती पैसे लागतात, याचा हिशेब गावकऱ्यांनाच सोबत घेऊन मांडला. दारूवर जिल्हा वर्षाला जेवढा पैसा घालवतो, तेवढा सरकार त्याच जिल्ह्याच्या विकासावर खर्च करत नाही, हे त्यातून बाहेर आले. वर्षानुवर्षे नवरा सुधारावा म्हणून देवाला नवस बोलणाऱ्या बाईच्या हाती आकडा आला आणि तो तिने मोर्चात नेला.

याच काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात बायकांनी दारूचा प्रश्न गावसभेत आणला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे पुढे हे गाव सामूहिक वनहक्कासाठी देशभर ओळखले गेले. बहुमताने नव्हे, सगळ्यांच्या संमतीने निर्णय घ्यायची त्या गावाची सवय मात्र दारूवरच्या वादातही घडत गेली. जंगलाच्या हक्काची लढाई दारूच्या मडक्याजवळून सुरू होते, ही गोष्ट मला त्या जिल्ह्याबद्दल फार काही सांगून जाते.

सहा वर्षे मोर्चे, ठराव, परिषदा चालल्या आणि २७ मार्च १९९३ रोजी शासनाने गडचिरोलीत दारूबंदी लागू केली. वर्धा जिल्ह्यात ती आधीपासून होती, पण ती गांधीजींच्या नावाने, वरून आलेली. गडचिरोलीची बंदी लोकांनी मागून घेतलेली होती.

त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सिडनी विनॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. १,४१८ लोकांच्या मोठ्या आतड्यातले पॉलिप दुर्बिणीतून काढून टाकले आणि मग अनेक वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. एरवी जितक्या जणांना कर्करोग होणे अपेक्षित होते, त्यापेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी जणांना तो झाला. गाठ वेळेवर काढली तर कर्करोग बहुतेकदा टळतो, याचा इतका मोठा पुरावा तोवर कुणाकडे नव्हता.

इथवर यायला वैद्यकाला ६५ वर्षे लागली होती. लंडनचे सेंट मार्क्स हे फक्त गुदद्वार आणि मोठ्या आतड्याच्या रोगांचे इस्पितळ. तिथले शल्यचिकित्सक लॉकहार्ट-ममरी आणि विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९२८मध्ये लिहिले की, कर्करोग निरोगी अस्तरावर अचानक उगवत नाही, आधी तिथे साधी गाठ असते. अशा गाठी म्हणजे पॉलिप. काहींना आळंबीसारखा देठ असतो, काही अस्तराला चिकटून पसरतात. बहुतेक कुणाला काही त्रास देत नाहीत आणि माणूस त्या घेऊनच म्हाताऱ्या वयात दुसऱ्याच कारणाने मरतो. मग कोणती गाठ वळते? ड्यूक्सनंतर त्या प्रयोगशाळेत आलेल्या बेसिल मॉर्सन यांनी टोकियोहून आलेल्या मुटो आणि जुने सहकारी बसी यांच्यासोबत सेंट मार्क्समधल्या हजारो गाठी तपासल्या आणि १९७५मध्ये आकडे छापले. एक सेंटिमीटरहून लहान गाठींत कर्करोग १.३ टक्के, एक ते दोन सेंटिमीटरच्या गाठींत ९.५ टक्के, आणि दोनच्या वरच्या गाठींत ४६ टक्के. आतली रचना नळ्यांसारखी असेल तर धोका कमी; बोटांसारखे लांब पदर निघालेले असतील तर तो कितीतरी पटींनी जास्त. पेशींची घडण जितकी बिघडलेली, तितकी गाठ पुढे गेलेली. गाठ ते कर्करोग हा प्रवास बहुधा १० वर्षांचा किंवा त्याहून लांब असतो.

ही १० वर्षेच सगळा खेळ ठरवतात. १९६९मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल इस्पितळात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप कापायला सुरुवात केली, तोवर आतड्यात वर असलेल्या गाठींना पोट फाडण्याशिवाय इलाज नव्हता. त्यानंतर कर्करोग अगदी सुरुवातीचा असला, म्हणजे आतड्याच्या वरच्या थरांपुरता, तरी पुष्कळदा तो गाठीसकट कापून निघू लागला. वेळ होता. प्रश्न एवढाच की त्या वेळात गाठीला पुढे कोण ढकलते.

वय हा पहिला ढकलणारा. घरात आई-बाप-भावंडांना हा रोग झाला असेल तर दुसरा. काही घराण्यांत तर सदोष जनुकामुळे शेकडो गाठी तरुण वयातच येतात. आतड्याचा जुना दाह, लठ्ठपणा, प्रक्रिया केलेले मांस, पुरुष असणे. आणि मग बिडी-सिगारेटचा धूर आणि दारू. अल्कोहोल शरीरात गेले की त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते. यकृतात होते तसेच मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणूही ते करतात, आणि ते पेशीच्या डीएनएला इजा करते. शिवाय पेशींना नीट विभाजन करायला लागणारे फोलेट दारूमुळे कमी पडते. ज्या अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या होतात, तिथे ही कमतरता भोवते. मडक्यातली मोहाची, ठेक्याची देशी आणि काचेच्या बाटलीतली विदेशी यांत आतडे फरक करत नाही.

इथे एक सोयीचा गैरसमज आडवा येतो. १९७१मध्ये डेनिस बर्किट या युगांडात काम केलेल्या शल्यचिकित्सकाने सांगितले की, चोथायुक्त अन्न खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकेत मोठ्या आतड्याचा कर्करोग जवळजवळ दिसत नाही. पुढे त्याने लोकांच्या शौचाचे वजन केले, अन्न किती तासांत बाहेर पडते ते मोजले आणि जगभर कोंड्याच्या पावाची लाट आली. भारतातही हा कर्करोग कमीच. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३पासून, नागपूरची १९८०पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून चालली. बार्शीच्या खेड्यांतले कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या खूप खाली निघाले. आजही भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग लाखात साधारण पाच जणांना होतो, युरोपात त्याच्या कितीतरी पट. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, पावसाळ्यातले वास्ते (बांबूचे कोंब) खाणाऱ्या माणसाला हा रोग शिवणार नाही, असे मग सहज वाटते. पण चोथा खाणारा तोच माणूस रोज पितो आणि बिडी ओढतो, हे बर्किटच्या चित्रात नव्हते.

बिडीचा विषय निघाला की गडचिरोली आणि शेजारचे चंद्रपूर या दोन जिल्ह्यांची कोंडी उघडी पडते. तंबाखूचा धूर मोठ्या आतड्याचा कर्करोग करतो, असा पुरेसा पुरावा लियॉनच्या संस्थेने ऑक्टोबर २००९च्या बैठकीत मान्य केला. बिडीचे पान मात्र इथल्याच तेंदूच्या झाडाचे. एप्रिल-मे महिन्यांतल्या तेंदूपान-तोडाईवर हजारो घरांचे उन्हाळ्याचे पैसे उभे राहतात, आणि वनहक्क मिळाल्यापासून अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करून ते पैसे गावात ठेवतात. जे पान गावाला ठेकेदारापासून सोडवते, त्याच पानाची बिडी गावच्या छातीत आणि पोटात जाते. यावर सोपा उपाय सुचवणाऱ्याने आधी एका मे महिन्यात गड्ड्या बांधून पाहाव्यात.

दारूवर मात्र उपाय सुचला होता आणि तो पसरत होता. डिसेंबर २०१०मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या हजारो बाया चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरहून पायी निघाल्या आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात धडकल्या. चिमूर निवडण्यामागे इतिहास होता: १६ ऑगस्ट १९४२चा चिमूरचा उठाव. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ते गाव पेटले आणि त्याबद्दल महाराजांना तुरुंगात टाकले गेले. व्यसनाविरुद्ध आयुष्यभर बोललेले तुकडोजी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच गेले. नागपूरच्या ज्या कर्करोग रुग्णालयात या दोन जिल्ह्यांतले रोगी वर्षानुवर्षे जातात, ते त्यांच्या नावाचे आहे.

चंद्रपूर हा गडचिरोलीपेक्षा वेगळा जिल्हा. घुग्घुस-राजुऱ्याच्या कोळसा खाणी, गडचांदूरचे सिमेंट, बल्लारपूरची पेपर मिल, औष्णिक केंद्र. रोख पगाराची माणसे आणि त्यांच्या वाटेवरचे बार. शेकडो ग्रामपंचायतींनी दारूबंदीचे ठराव केले, समिती नेमली गेली, सरकार बदलले. शेवटी सुधीर मुनगंटीवार पालकमंत्री असताना १ एप्रिल २०१५पासून चंद्रपुरात बंदी आली. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली असा सलग कोरडा पट्टा नकाशावर तयार झाला. प्रत्यक्षात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणातून दारू येत राहिली, हातभट्ट्या चालत राहिल्या, नवे श्रीमंत झाले. बंदी फसली म्हणणारे आणि बंदीने घरे वाचली म्हणणारे, दोघांकडेही स्वतःच्या गल्लीतली उदाहरणे होती. रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री, गुन्हेगारी, त्या धंद्यात ओढली गेलेली मुले-बाया आणि बुडालेला महसूल ही कारणे सांगितली गेली. त्यांतले एकही खोटे नव्हते. पण सहा वर्षे दोन महिने ही मुदत कर्करोगाच्या हिशेबात काहीच नाही. ज्या गाठीला वळायला १० वर्षे लागतात, तिच्यावर सहा वर्षांच्या बंदीचा परिणाम दिसायला हवा, असे कुणी म्हटले नाही आणि तो दिसला नाही असेही कुणाला म्हणता येणार नाही. दारूचा निकाल मारामाऱ्या आणि महसूल पाहून लागला. आतड्याचा निकाल लागायला वेळच मिळाला नाही.

गडचिरोलीत २०१६मध्ये राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि सर्च यांनी मिळून ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचे अभियान सुरू केले. गाव संघटनांच्या बाया मोहाचा सडवा जंगलात शोधून ओततात, पोलीस येण्याआधीच. दारूसोबत खर्राही त्यांच्या निशाण्यावर आहे. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा खर्रा विदर्भात पाहुण्याला चहाआधी मिळतो. गुटख्यावर जुलै २०१२मध्ये राज्यात बंदी आली, तिचा खर्रा घोटणाऱ्या हातांवर फारसा परिणाम दिसला नाही. खर्रा तोंडाच्या कर्करोगाचा धनी आहे, त्यात शंका नाही. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे. मोठ्या आतड्याच्या खात्यावर मात्र त्याला टाकण्याइतका पुरावा नाही. खर्ऱ्याला सगळ्याच रोगांचा दोष दिला की गावात खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे.

आतड्यातली गाठ या जंगलात ओळखणे मुळातच अवघड. तिची पहिली खूण बहुधा शौचातून हळूहळू जाणारे रक्त आणि त्यातून येणारा पांढुरकेपणा. जिथे सिकलसेल आहे, मलेरिया आहे, पोटात हुकवर्म आहेत, तिथे पांढुरका माणूस पाहून डॉक्टरच्या मनात आतड्याआधी दहा कारणे येतात. रक्त उघड दिसले तर घरचे म्हणतात मुळव्याध, आणि गावचा वैद्य मुळव्याधीचेच औषध देतो. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो, हीच अडचण. पन्नाशीपुढचा माणूस, दारू-बिडी, वजन घटलेले, शौचाची सवय बदललेली, घरात कुणाला असाच रोग, यांतले दोन-तीन जुळले तर मुळव्याधीवर थांबायचे नाही, दुर्बिणीची तपासणी मागायची, एवढे तरी गावच्या आरोग्यसेवकाला सांगता येते. सरकारी कार्यक्रमात ३०च्या पुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. मोठे आतडे त्या यादीत नाही. लाखात पाच या प्रमाणात ते ठीकही असेल. पण चंद्रपूरच्या खाणकामगाराचे ताट आणि पेला आता बार्शीच्या शेतकऱ्यासारखे राहिलेले नाहीत.

डिसेंबर २०२३मध्ये लियॉनच्या त्याच संस्थेने उलट्या प्रश्नाचे उत्तर जाहीर केले: दारू सोडली किंवा कमी केली तर कर्करोग कमी होतो का? तोंड आणि अन्ननलिका यांच्यासाठी उत्तर आले, होय, पुरावा पुरेसा आहे. मोठ्या आतड्यासाठी तो अजून मर्यादित ठरला. माणसे पिणे सोडतात तेव्हा त्यांच्यामागे इतकी वर्षे कुणी मोजणी करत राहत नाही, आणि बंदी असलेल्या जिल्ह्यातही सगळ्यांनी पिणे सोडलेले नसते. १९९३पासून दुकाने बंद असलेल्या गडचिरोलीत मोहाची भट्टी कुठेतरी पेटतेच आणि कुठल्यातरी गावची संघटना ती विझवायला निघते.